कोर्टाचे दोन टाके

शिलाई मशीन पोटाशी धरून लिफ्टमन कोर्टाचा जिना चढत होता. सगळी नोकरी त्याने लिफ्टमधल्या स्टुलावर बसून लोकांना वर नेण्यात घालवली होती, आणि इथली लिफ्ट फक्त न्यायाधीशांसाठी होती. वळणावर त्याला दम लागला. मशीन पायरीवर टेकवून तो शेजारी बसला, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "सोडा काका, मी घेतो. याचं वजन मला माहीत आहे."

तो आरोपी होता. हेच मशीन चोरल्याचा त्याच्यावर खटला होता आणि तो जामिनावर सुटून त्याच तारखेला आला होता.

"चाकाला धरू नका," मशीन उचलता उचलता तो म्हणाला. "मागच्या वेळी माझ्या पायावर आलं होतं."

मशीन लिफ्टमनच्या बायकोचं. ती त्याच्यासाठी निळ्या रेघांचा शर्ट शिवत होती. कॉलर लावायचा तिला भारी कंटाळा, म्हणून ती सगळ्यात शेवटी ठेवायची. बाह्या झाल्या होत्या, खालची दुमड चालू होती, कापलेली कॉलर टाचणीने खिशाला लावलेली होती. मध्येच ती उठली, छातीत कसंतरी होतंय म्हणाली, आणि दवाखान्यातून परत आली नाही. शर्ट सुईखाली तसाच राहिला. लिफ्टमनने त्याला हात लावला नाही. तो मुलीकडे गेला असताना घरफोडी झाली आणि मशीन शर्टासकट गेलं.

चोर सापडला, मशीन सापडलं, शर्टही सापडला. फक्त तिन्ही आता कोर्टाचे झाले होते. मशीन घरी न्यायचं तर हमीपत्र द्यावं लागलं: जसं आहे तसं ठेवीन, वापरणार नाही, सुईखालचं कापड काढणार नाही, बोलावलं की हजर करीन. लिफ्टमनच्या लग्नातसुद्धा इतक्या अटी नव्हत्या.

"मला मशीन नको," तो सरकारी वकीलबाईंना म्हणाला होता. "तेवढा शर्ट द्या."

"कुठला शर्ट? कागदावर कापड आहे. निकाल लागू दे काका, मग काढा, घाला, काय हवं ते करा."

निकाल म्हणजे आधी साक्ष, आणि साक्षीला मशीन समोर हवं. एका तारखेला न्यायाधीश रजेवर, दुसऱ्या तारखेला आरोपीचा वकील दुसऱ्या कोर्टात, तिसऱ्या वेळी वीजच नाही. दर तारखेला मशीन वर जायचं आणि खाली यायचं. नेणारा आरोपीच. एकदा हवालदाराने पाहिलं आणि वकीलबाईंना सांगितलं. त्या लिफ्टमनवर भडकल्या, मुद्देमाल आरोपीच्या हातात देता, अक्कल आहे का म्हणाल्या. तेव्हापासून आरोपी शेवटच्या वळणापर्यंत न्यायचा, आणि पुढच्या पायऱ्या लिफ्टमन असा चढायचा, जणू सगळा जिना त्यानेच चढला आहे.

वळणावर बसून दोघे बोलायचे. आरोपीची बायको शर्टांच्या कारखान्यात होती. दिवसभर नुसत्या कॉलरी लावायची. तिला घरी बसून काम करता यावं म्हणून त्याने मशीन उचललं होतं. तिने ते चोरीचं म्हणून उंबऱ्याच्या आत घेऊ दिलं नाही, म्हणून विकायला काढलं आणि पकडला गेला.

"हे वर बोलायचं नाही हं काका," तो म्हणाला. "वकील म्हणतो, मी मशीन पाहिलंच नाही."

"मग रोज उचलतोस ते काय?"

"ते तुम्हाला मदत."

शेवटी साक्षीचा दिवस उजाडला. आरोपीच्या वकिलाने विचारलं, मशीन तुमचं कशावरून? पावती नव्हती. नंबर होता, पण बायकोने इतकी वर्षं पुसून पुसून तो घालवला होता. वकिलाने जप्तीचा कागद वाचून दाखवला: मशीन गंजलेलं, चाक फिरत नाही. न्यायाधीशांनी शिपायाला चाक फिरवायला सांगितलं. चाक गरकन फिरलं.

"अहो, थांबा," लिफ्टमन ओरडला. पण सुई खाली जाऊन वर आली होती, आणि पुन्हा एकदा गेली होती. शर्टावर कोर्टाचे दोन टाके पडले.

"हे फिरतं कसं?" वकिलाने विचारलं.

बायको दर रविवारी मशीनला तेल घालायची. मशीन कोर्टातून घरी आल्यापासून तोही घालत होता. चाक मात्र त्याने कधी हलवलं नव्हतं, तिच्या टाक्यांपुढे टाका पडू नये म्हणून. हे सगळं त्याने खरं खरं सांगितलं. वकील खूश झाला. जप्त झालेलं मशीन फिरत नव्हतं, हे फिरतं, म्हणजे हे ते नव्हेच. किंवा असलं तर साक्षीदाराने मुद्देमालात फेरफार केला आहे.

"बरं, कापड कोणाचं?"

"शर्ट आहे तो. माझा."

"घालून पाहिलात?"

"हमीपत्रात मनाई आहे."

"मग तुमच्या मापाचा कशावरून?"

"बायकोने माप घेतलं होतं."

"त्यांना साक्षीला का बोलावलं नाही?"

वकीलबाईंनी उठून ती वारल्याचं सांगितलं. वकिलाने मान खाली घातली, आणि मग साक्षीदाराकडे ओळखीची एकही खूण नाही, एवढं नोंदवून घ्यायची विनंती केली.

"खूण आहे," लिफ्टमन म्हणाला. "पण ती लागायची राहिली. कॉलर लागली असती तर कोणीही ओळखलं असतं. ती कॉलर नेहमी वाकडी लावते."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसले. टाइप करणाऱ्याने लिहिलं: कापडास कॉलर नाही.

आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. संशय तिथे कोणालाच नव्हता, फायदा मात्र झाला. आणि मशीन साक्षीदाराचं असल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून ते ज्याच्याकडून जप्त झालं त्याला कापडासह परत द्यावं, असा हुकूम झाला.

त्या दिवशी जिन्यावर आरोपीने सवयीने मशीन उचललं. आता तो आरोपीही राहिला नव्हता.

"घरीच ना काका?"

"तुझ्या घरी," लिफ्टमन म्हणाला.

तो थांबला. खालच्या आवाजात त्याने सांगितलं की वकिलाने बजावलंय, मशीन यांना दिलंस तर चोरी कबूल केल्यासारखं होईल, सरकार अपिलात जाईल आणि तू आत. शर्टसुद्धा द्यायचा नाही. मग म्हणाला, "रविवारी आम्ही घरी नसतो. कडीला नुसती सुतळी बांधलेली असते."

"आणि मी सापडलो तर?"

"तक्रार करणार कोण? मीच ना?"

आयुष्यात दुसऱ्याची छत्रीसुद्धा चुकून न नेलेला लिफ्टमन रविवारी तेलाची बाटली घेऊन त्या दोघा नवराबायकोच्या खोलीशी गेला. सुतळी सोडून तो आत शिरला. मशीन आता कोर्टाच्या हुकमाने उंबऱ्याच्या आत, कोपऱ्यात होतं. सुईखाली काही नव्हतं. शर्ट घडी घालून, इस्त्री करून वर ठेवलेला होता. कॉलर लावलेली होती, दुमड पुरी केलेली होती, बटणंसुद्धा लावलेली होती.

तो उजेडात जाऊन दुमडीवरून बोट फिरवत राहिला. तिचे टाके कुठवर, कोर्टाचे दोन कुठले आणि पुढचे कुठून, काही कळेना. सगळे एकसारखे. त्याने शर्ट घालून पाहिला. मापाला बरोबर होता. मग तो काढला, होती तशी घडी घातली आणि मशीनवर ठेवला. रविवार होता, म्हणून मशीनला तेल घातलं. बाहेर येऊन सुतळी बांधली.

गल्लीच्या तोंडाशी नवराबायको आडोशाला उभे होते. त्याचे हात रिकामे पाहून बायकोचा चेहरा उतरला.

"काय झालं काका?" नवऱ्याने विचारलं. "तुम्हाला द्यायचा म्हणून हिने परवा जागून पुरा केला. कॉलर नीट नाही बसली का?"

"नीट बसलीय," लिफ्टमन म्हणाला. "कोर्टाचं बरोबर होतं. शर्ट माझा नाही."