खेळाचा रोज

आमच्या कॉलेजच्या बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्यांना दिलेला नारळ त्यांच्या गाडीपर्यंत कधीच पोहोचत नाही. धोंडीआप्पा तो वाटेतच मागून घेतात, स्टेजच्या पायरीवर फोडतात आणि खेळाडूंना वाटतात. "घाम पोरींचा आन् नारळ पाव्हण्याला?" पाहुणे हसतात, दुसरं काही करण्यासारखं नसतं. मैदानाची जमीन आप्पांच्या वडिलांनी कॉलेजला दिलेली, त्यामुळे त्यांना कुणी हटकत नाही.

मी तिथे ग्रंथपाल आहे. असे समारंभ बघणं माझ्या पगारातच धरलेलं आहे.

नारळ संपला की आप्पांचा ठरलेला प्रश्न येतो, "आन् रोज?" रोज म्हणजे दिवसाची मजुरी. कॉलेजसाठी खेळणाऱ्याला कॉलेजनं ती द्यावी, असं त्यांचं म्हणणं. प्राचार्य एकदा म्हणाले, "आप्पा, खेळ ही साधना आहे. साधनेला दाम लावू नये."

"व्हय का? आन् तुमचं ते विद्यादान, त्याचा पगार किती तारखेला व्हतो?"

प्राचार्यांनी चहा मागवला.

गेल्या डिसेंबरात हा प्रश्न रूपालीपाशी येऊन अडला. आमच्या कबड्डी संघाची सगळी भिस्त तिच्या चढाईवर. दौंडला अंतिम सामना होता आणि इकडे आमच्या न्हावऱ्यात कांद्याच्या रोपांची लागण ऐन भरात. लागणीच्या टोळीत जाऊनच रूपाली कॉलेजची फी भरते. टोळीची मुकादम कौसाबाई तिला म्हणाली, "येक खाडा केलास तर तुझ्या जागी दुसरी घीन. मंग बस खेळत." रूपालीनं कॉलेजात निरोप धाडला, येत नाही.

हे ऐकून आप्पांनी फक्त टोळी कुणाच्या वावरात आहे, तेवढं विचारून घेतलं.

सामन्याच्या सकाळी मी मोटारसायकलवरून दौंडला निघालो, तर रस्त्याकडेच्या वाफ्यात बायकांच्या रांगेत एक पांढरी टोपी दिसली. चिखलात उकिडवे बसून सत्तरीचे आप्पा कांद्याची रोपं लावत होते.

"आप्पा, जरा दाट लावा की! दोन रोपांतनं बैलगाडी जाईल तुमच्या," कौसाबाई ओरडली.

"मधी तुझी जीभ लाव."

मी गाडी थांबवली. "आप्पा, हे काय?"

"रूपीला दिली दौंडला धाडून. तिचा खाडा पडाया नगं." मग हातातल्या रोपाकडं बघत हळूच म्हणाले, "आमची सुमन लई पळायची, सर. कॉलेजातनं जिल्ह्याला निवडली व्हती. मीच म्हणलं, पळून काय रोज मिळतो का? चल कांद्याला." त्यांनी रोप चिखलात खोचलं. "तवापास्नं समद्यास्नी इचारतोय."

त्यांची लेक सुमन कधीच लग्न होऊन कासुर्डीला गेली. घरात आप्पा एकटेच असतात.

आम्ही तीन गुणांनी जिंकलो. आप्पांचं काम बघून कौसाबाईनं निम्माच रोज दिला, पण रूपालीची टोळीतली जागा राहिली. पुढच्या बैठकीत प्राचार्यांनी 'क्रीडादिन मानधन' असा ठराव मांडला आणि तो मंजूरही झाला. नाव भारदस्त आहे, पण आत रोजच आहे.

यंदाच्या समारंभात आप्पा खुर्चीतून उठायच्या आत रूपालीनंच पाहुण्यांचा नारळ मागून घेतला, पायरीवर फोडला आणि पहिला तुकडा आप्पांच्या हातावर ठेवला.

आप्पांनी तो उपरण्याच्या टोकाला बांधला.

"खावा की, आप्पा."

"माझा न्हाई त्यो." ते माझ्याकडं वळले. "सर, गाडी हाय न्हवं? कासुर्डीपातूर सोडता का?"