विसूतात्यांचा जाईचा पाला

विसूतात्या कुणाला "कसा आहेस?" असं विचारत नाहीत. "आ कर," म्हणतात. रस्त्यात, देवळात, एकदा तर लग्नात थेट नवऱ्यामुलाला! त्याने मुकाट्याने आ केला. तात्यांनी डोकावून निकाल दिला, "गालात फोड आहे मेल्या. तिखट सोड," आणि मग अक्षता टाकल्या.

रत्नागिरीत आमच्या समोरच त्यांचं घर, घरात ते एकटेच. अंगणात जाईचा मांडव. फुलं कुणीही न्यावीत. विनाकारण पाला ओरबाडलात तर काठी. तोंड आलेला माणूस मात्र तिथून रिकामा परतत नाही.

"पान फाटलं तर वेल डाक्तराकडे जाते काय रे? आपलं औषध ती पानातच शिजवते. आपण उसनं घ्यायचं, चघळायचं, थुंकायचं!"

"याला पुरावा काय, तात्या?"

"आ कर, दाखवतो."

ऐन सभेच्या तोंडावर मला तोंड आलं, तेव्हा तो कडू पाला चघळूनच मी व्याख्यान ठोकलं, हे मान्य. पण संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. या गृहस्थांना तोंड कुणाचंही चालतं, पाणी कुणाचं चालत नाही! ज्यांना आपण निर्लज्जपणे अस्पृश्य म्हणतो, त्यांच्याही जखमांना औषध लावतील आणि लगेच विहिरीवर जाऊन आंघोळ करतील. भर पावसाळ्यात माणूस दिवसभर ओला!

"तात्या, हे ढोंग आहे!"

"ढोंग कसलं? आंघोळ आहे. तूही कर कधीतरी."

अशातच त्या ‘अस्पृश्यां’च्याच वाडीवरच्या सगुणेची लेक चिमी पडली आणि दाताने तिचा ओठ आतून फाटला. दवाखान्यातून जखम धुऊन आणली, पण पोर दुखेल म्हणून तोंडच उघडेना. पेज नाही, पाणी नाही. सभेची पत्रकं वाटायला तिकडे गेलो तेव्हा मला हे कळलं. येऊन तात्यांना सांगितलं, तर ते पाला घेऊन माझ्यापुढे धावत निघाले.

सगुणेच्या पाट्यावर पाला वाटला, तिच्याच घरातला मध घातला, करवंटी चिमीपुढे धरली. चिमीने ओठ घट्ट मिटले.

"तात्यानू," सगुणा म्हणाली, "आमच्याकडं परक्याचं औषध आधी देणाऱ्यानं चाखायचं. त्याबिगर पोर घ्यायची नाय."

झालं! पाटा तिचा, मध तिचा, करवंटी तिची. आता तात्या उठणार, असं मी धरूनच चाललो. तात्यांनी बोट बुडवून चाटलं, आणि असं काही तोंड वाकडं केलं की चिमी खुदकन हसली. ओठ उघडले. तेवढ्यात तात्यांनी औषध लावलंसुद्धा.

थोड्या वेळाने ठणका कमी झाला. चिमीने निवलेल्या पेजेचा घोट घेतला, मग दुसरा. सगुणेने डोळ्याला पदर लावला.

"तात्या, निघू या ना?" मी म्हटलं.

तात्यांनी तिथेच मांडी ठोकली.

"सगुणे, पेज उरली आहे काय गो?"

"हाय की."

"मग मलाही वाढ थोडी. समोर कुणी जेवत असलं की भूक लागते गो. घरी लागत नाही."