मोगऱ्याच्या दोन वाट्या

नळाला पाणी येऊन चार दिवस झाले की केराबाईंच्या घरात पाण्यावर पहारा बसे. त्यात मुकादमची, म्हणजे त्यांच्या म्हाताऱ्या बोक्याची, वाटी दिवसात सातव्यांदा रिकामी दिसली आणि त्यांनी थेट नवऱ्याला धरलं.

"मोगऱ्याला घातलं न्हवं तुमी?"

"सिद्धेश्वराची शपथ! बोक्याच्या तोंडचं पानी काढीन व्हय मी?" सिद्धप्पा म्हणाले. खोटं बोलताना त्यांचा आवाज चढायचा, तसा तो आत्ताही चढला.

सकाळ-संध्याकाळ एकेक वाटी गॅलरीतल्या मोगऱ्याला जात होती, हे खरं. पण उरलेल्या पाच? त्या कुठं गेल्या हे त्यांनाही कळेना. निदान त्या पाचांचा आळ तरी पुसावा म्हणून दुसऱ्या दिवशी ते दाराआड खुर्ची टाकून बसले. मुकादम आला, वाटी चाटूनपुसून संपवली, राखेच्या घमेल्यात लघवी करून आला आणि पुन्हा वाटीपाशी बसला.

"ये, बघ तुझा चोर!" सिद्धप्पा ओरडले.

केराबाई हसल्या नाहीत. "दोन वाट्यांच्या वर कदी गेला न्हाय हो ह्यो," म्हणत त्यांनी बोक्याला भाजीच्या पिशवीत घातलं आणि नवऱ्याला घेऊन रिक्षानं जनावरांचा दवाखाना गाठला.

जनावरांच्या डॉक्टर ऋतुजा यांनी विचारलं, "दिवसाला किती पाणी पितो? नेमकं सांगा."

"सात वाट्या," केराबाई ठामपणे म्हणाल्या.

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सात? हे फारच झालं. किडनी बरीच बिघडली असेल. ठेवूनच घ्यावं लागेल बहुतेक."

मुकादमनं सिद्धप्पांच्या तळहातावर डोकं घासलं.

"पाच," ते पुटपुटले.

"काय पाच?"

"दोन मोगऱ्याला."

केराबाईंनी मुकादमला त्यांच्या हातापासून ओढून स्वतःकडं घेतलं. सिद्धप्पांना त्यापेक्षा बोलणी परवडली असती.

रक्त-लघवी तपासून डॉक्टर म्हणाल्या, "किडनीचंच आहे, पण अगदी सुरुवात. खाणं बदलू, सांभाळता येईल. लोक जनावरानं खाणं सोडलं की आणतात, तोवर उशीर झालेला असतो. तुम्हाला इतक्या लवकर कळलं कसं?"

"नवऱ्यावर पाळत हुती की," केराबाई म्हणाल्या.

"छान. आता ह्याची वाटी कधीच रिकामी ठेवायची नाही."

संध्याकाळी मुकादमपुढं दोन भरलेल्या वाट्या आल्या. सिद्धप्पा माना टाकलेल्या मोगऱ्यापाशी उभे होते. केराबाईंनी त्यांच्या हातात अर्धा तांब्या दिला.

"घाला. तुमच्या अंगुळीच्या पान्यातलं काढलंय."