दादासाहेब कोंबडा आहेत काय

पृथ्वीवरून एखादी जात नाहीशी होते तेव्हा निसर्गाच्या पोथीतलं एक पान कायमचं गळून पडतं, आणि ते परत बसवण्याची ताकद कोणत्याही सरकारात नसते. हे वाक्य चिंतामणी आठल्ये यांनी स्वतः रचलं होतं. पावसजवळच्या आपल्या बागेत, घरापुढच्या खळ्यात हात पाठीमागे बांधून त्यांनी ते पहिल्यांदा म्हणून दाखवलं, तेव्हा श्रोते दोनच होते. पत्नी वासंती आणि बागेचा गडी महिपत.

"पान गळू दे," वासंतीताई म्हणाल्या. "या पेट्यांतून काय गळतंय ते आधी बघा."

पेट्या आंब्याच्या होत्या. हापूस बसवावा तसा गवताच्या थरावर एकेका पेटीत एकेक टर्की बसवलेला होता. आदल्याच वर्षी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीचं दार उघडलं, तेव्हा रत्नागिरीच्या शाखेतून चिंतामणी सर्वांत आधी बाहेर पडले होते. तेव्हापासून उरलेलं आयुष्य कशाला वाहावं याचा ते शोध घेत होते, आणि तो एका इंग्रजी मासिकात लागला. टर्कीची जुनी ब्राँझ जात दुर्मिळ होत चालली होती. कारखान्यात वाढवलेल्या टर्कीची छाती इतकी फुगवली आहे की त्याला संसारसुद्धा आपापला करता येत नाही, असं त्या लेखात होतं. जुनी जात मात्र याबाबतीत स्वावलंबी होती. म्हापशाजवळच्या एका गृहस्थांकडे तिची वाढीला लागलेली जोडी होती आणि ते मुलाकडे परदेशी निघाले होते. चिंतामणी कोकण रेल्वेने गेले आणि जोडी घेऊन आले. मोठा तो नर, दादासाहेब. लहान ती मादी, माई. या दोघांपासून जात पुन्हा उभी करायची होती.

"हे कोंबडे आहेत," वासंतीताई पेटीच्या फटीतून बघत म्हणाल्या. "आठल्यांच्या गडग्याच्या आत आजवर कोंबडी आलेली नाही. सासूबाई जाताना मला तेवढंच सांगून गेल्या."

"तेवढंच?"

"दागिन्यांचं सांगायला त्यांना वेळ मिळाला नाही."

"अगं, पण हा कोंबडा नव्हेच," चिंतामणी म्हणाले. "मोराच्या कुळातला पक्षी आहे."

महिपतच्या स्वतःच्या कोंबड्या बागेच्या दगडी गडग्याबाहेर, त्याच्या खोपीशी असत. त्याने फक्त दादासाहेबांकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली.

दोन्ही पक्षी अंगाने भरत गेले. एप्रिलअखेर दादासाहेब पिसारा उघडून, पंख जमिनीला घासत कलमांखालून असे हिंडू लागले, की आंबे उतरवणारे गडी झेल्याची काठी आडवी धरून त्यांना वाट देत. माई मागून खाली मान घालून चाले. "बघा, किती सोशीक," असं चिंतामणी वासंतीताईंना मुद्दाम ऐकवत.

वासंतीताईंपुढे वेगळाच पेच होता. भजनी मंडळातल्या बायका विचारत, "काय गो, तुमच्याकडे म्हणे कोंबडे पाळलेत?" तेव्हा त्या नवऱ्याचंच वाक्य ठसक्यात पुढे करत. "कोंबडे कुठले? मोराच्या कुळातले आहेत." पुढच्या भजनापर्यंत त्यातलं 'कुळातले' गळालं. आठल्यांनी मोर कोंडून ठेवलाय, हे वनखात्याच्या गार्डला भर बाजारात सांगितलं गेलं.

शिगवण गार्ड ऐन काढणीत येऊन उभा राहिला. सगळे गडी पेट्या भरत होते.

"काका, मोर पाळणं गुन्हा आहे. राष्ट्रीय पक्षी आहे तो."

"मोर? कोण म्हणतं?"

"सगळा पावस म्हणतोय. आणि हा पिसारा काय सांगतोय?"

दादासाहेबांनी नेमका तेव्हाच पिसारा फुलवला होता. जातीचा एकुलता एक नर जीपमध्ये बसून रत्नागिरीला चाललाय, असं चित्र चिंतामणींच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. ते इतक्या जोरात ओरडले की झाडावरचा गडी खाली बघू लागला.

"अहो, हा कोंबडा आहे! परदेशी आहे, मोठा आहे, पण कोंबडा तो कोंबडाच!"

"नक्की?"

"चारचौघांदेखत सांगतो. कोंबडा!"

"मग माझा काही संबंध नाही," गार्ड म्हणाला. दोन डझन पायरी पिशवीत घेऊन तो गेला.

चिंतामणींनी घाम पुसला. मागे वळून बघतात तर महिपत. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू मुंबईहून मुलाची मनिऑर्डर आली आहे.

"भाऊ, माजा जीव भांड्यात पडला," तो म्हणाला. "मी तुमाला इचारनारच व्हतो. ह्यो कोंबडा हाय का नाय, मलाच कळत नव्हता. आता तुमीच बोललाव. राखनीचा परश्न सुटला."

"राखणीचा?"

दर वर्षी आंबा संपला की बागेच्या राखणदार देवाला कोंबड्याची राखण द्यायची, ही तिथली रीत. बागेच्या टोकाला, आईनाच्या झाडाखाली त्याचा दगड होता. आठल्ये नारळ ठेवत. कोंबडा महिपत देई, आणि त्या वेळी सगळे आठल्ये परंपरेप्रमाणे समुद्राच्या दिशेला बघत. यंदा पौषात ढगाळ हवेनं मोहोर काळा पडू लागला, तेव्हा महिपतने जरा चढंच गाऱ्हाणं घातलं होतं. बाग तरू दे, म्हाराजा, तुज्या राखनीत वाढलेला सगल्यात मोटा कोंबडा देईन. 'व्हय म्हाराजा' असं सर्वांत मोठ्याने म्हणणाऱ्यांत चिंतामणी होते. बाग तरली होती.

"महिपत, अरे, तो कोंबडा नाही."

"आता गार्डाला काय सांगितलाव?"

"ते कायद्यापुरतं."

"म्हाराजाला कायदो लागत नाय, भाऊ."

"मी तुला पावसच्या बाजारातून पाच किलोचा गावठी आणून देतो."

"त्यो म्हाराजाच्या राखनीत कुटं वाडला? दुसऱ्याच्या बागेतला त्यो." महिपत कळवळून बोलत होता. दादासाहेबांवर त्याचा राग नव्हता. रोज मूठभर कणी तोच त्यांना घालत असे. "पुडच्या वर्साला मोहोर जळला तर? तुमाला बँकेची पेन्शन हाय. मी खय जाऊ?"

त्या रात्री चिंतामणींना झोप लागली नाही. बायकोपाशी दादासाहेब कोंबडा नव्हते. गार्डपाशी होते. आता महिपतपाशी नसायला हवे होते, पण गार्डच्या कानावर जाणार नाही अशा बेताने. कुणाला काय सांगितलं याची जुळवाजुळव करता करता ते स्वतःच गोंधळले. पहाटे त्यांनी वासंतीताईंना हलवून उठवलं.

"वासंती, तुला खरं काय वाटतं? कोंबडा आहे की नाही?"

"तुम्हीच म्हणालात मोर आहे."

"मोराच्या कुळातला."

"आणि गार्डला कोंबडा म्हणालात, तेही कळलं मला," त्या कूस बदलत म्हणाल्या. "सासूबाई असत्या तर तुम्हाला गडग्याबाहेर झोपवलं असतं."

शेवटी तोडगा महिपतनेच काढला. कौल लावायचा. गावदेवीलाच विचारायचं. चिंतामणींनी एकदम होकार दिला. देवीकडे दाद मागितली की निदान एकच उत्तर मिळेल, असा त्यांचा हिशेब होता.

कौलाला अर्धा गाव आला. शिगवण गार्डही आला, कारण त्याची सासुरवाडी तीच. बाबू गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"परश्न काय घालू?" त्याने विचारलं.

"टर्की हा कोंबडा आहे काय," चिंतामणी म्हणाले.

"टर्की म्हंजे काय ता देवीला म्हाईत नसला तर?"

सभा विचारात पडली. देवीला माहीत नाही असं म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि माहीत आहे याची खात्री कुणालाच नव्हती. शेवटी, वस्तूच समोर ठेवलेली बरी, असं ठरलं. महिपत दादासाहेबांना काखेत मारून घेऊन आला. सभामंडपात सोडताच त्यांनी पिसारा उघडला, मान तांबडीनिळी केली आणि गावाकडे पाठ फिरवली.

बाबू गुरवाने हात जोडले. "हे आई, आज आठल्ये भाऊ तुज्या पायाशी आलेत..."

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"गलगलगलगल!" दादासाहेब म्हणाले.

गुरव थबकला. मोठा आवाज झाला की टर्की ओरडतो, हे चिंतामणींना मासिकातून ठाऊक होतं. गावाला नव्हतं.

"त्यांच्या मनात संभरम झालाय..."

"व्हय म्हाराजा!"

"गलगलगलगल!"

"ह्यो आमच्यापेक्षा येळेवर बोलतो," मागून कुणीतरी म्हणालं. म्हाताऱ्या बायकांनी दादासाहेबांना हात जोडायला सुरुवात केली.

"ह्यो पक्षी कोंबडा हाय तर उजवी दे, नाय तर डावी दे!"

सगळे श्वास रोखून बसले. चिंतामणींचे डोळे डाव्या खांद्यावर खिळले होते. जन्मात इतक्या कळकळीने त्यांनी देवीकडे पाहिलं नव्हतं. ती पाकळी हलली, थांबली, आणि टपकन पडली.

"डावी! कोंबडा नाय!"

"थांबा," शिगवण गार्ड उठला. "मग मोर आहे की काय? काका मला कोंबडा म्हणाले होते."

गुरवाने निमूटपणे पुन्हा पाकळ्या लावल्या. मोर असेल तर उजवी, नसेल तर डावी. पुन्हा डावी.

"कोंबडा नाही, मोर नाही," गार्ड हळूहळू म्हणाला. "मग आहे काय?"

"आई व्हय नि नाय, येवडाच सांगते," बाबू गुरव म्हणाला. "नाव बिव तुमी बघा."

यावर कुणाचाच इलाज नव्हता. गार्डला मोर मिळाला नाही. वासंतीताईंच्या गडग्याच्या आत कोंबडा नाही, याला देवीची साक्ष मिळाली. महिपतचं वचन त्याच्या खोपीपाशी, राखणदाराच्याच हद्दीत वाढलेल्या तांबड्या कोंबड्यावर भागलं, आणि आठल्ये कुटुंबाने समुद्राकडे पाहिलं. चिंतामणी दादासाहेबांना कडेवर घेऊन घरी आले. वाटेत भेटेल त्याला ते सांगत होते, "जात वाचली!"

पुढच्या आठवड्यात त्यांनी कोंबड्यांच्या मानमोडी रोगाची लस टोचायला पशुवैद्य बोलावल्या. डॉक्टर ऋजुता नव्यानेच दवाखान्यात आल्या होत्या.

"देवीनं कोंबडा नाही म्हणून सांगितलंय," वासंतीताई पायरीवरून म्हणाल्या. "मग कोंबड्याची लस कशाला?"

डॉक्टरांनी दादासाहेबांना टोचलं. मग माईला धरलं, तिची पोटाखालची पिसं बाजूला केली, छातीवर उगवलेला केसांचा बारीक झुपका बोटांनी चाचपला, आणि पुन्हा एकदा चाचपला.

"काका, मादी कुठे आहे?"

"ही काय तुमच्या हातात. आमची माई. पावसाळा सरला की विणीला बसवायचं म्हणतोय."

"हिला पिसारा फुलवताना कधी बघितलंत?"

"छे हो! फार लाजाळू आहे."

"लाजत नाही. त्या मोठ्याला घाबरून असते, एवढंच." डॉक्टरांनी सुई पिशवीत ठेवली आणि माईला खाली सोडलं.

माई नर होती.