समाधानी गल्ली

"यंदा आपल्या गल्लीत बर्फ टिकणार नाही. माझा शब्द आहे!"

साहेबांनी हे जाहीर केलं तेव्हा ते अंगणातल्या नळाला आपला जुना लोकरी स्वेटर चढवत होते. पाणी गोठून नळ फुटू नये म्हणून. स्वेटरच्या दोन्ही बाह्या लोंबत होत्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, एक म्हातारा दुसऱ्या, जरा जास्तच वाळलेल्या म्हाताऱ्याला मिठी मारून उभा आहे.

साहेब म्हणजे नगरपालिकेच्या हिवाळी खात्यातले निवृत्त साहेब. रस्त्यावरचा बर्फ हटवणं, वाळू-मीठ टाकणं, नागरिकांची गाऱ्हाणी ऐकणं, हे सगळं त्या खात्याकडे. त्यातलं शेवटचं काम साहेब सगळ्यात चोख करत. म्हणजे ऐकत. ऐकून झालं की मान डोलावून म्हणत, "बघतो." रस्ता बंद आहे? बघतो. नळ फुटला? बघतो. एकदा एक बाई रडत आली, छपरावरचा बर्फ कोसळून नवरा खाली अडकलाय म्हणाली. "बघतो," साहेब म्हणाले. पुढे नवरा आपणच धडपडत बाहेर निघाला आणि घरी गेला. साहेबांनी तक्रार निकाली काढल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून सगळं शहर त्यांना बघतोसाहेब म्हणायचं. तोंडावर फक्त साहेब.

त्यांचं घर एका बंद गल्लीच्या टोकाला. गल्लीला तोंड एकच, ते हमरस्त्यावर उघडणारं. तोंडाशी शिंप्याचं दुकान, मधे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, आणि टोकाला साहेब. इतकी अरुंद गल्ली, की शिंप्याला ढेकर आली तर बाई "आज लवकर जेवलात?" म्हणून विचारत.

हिवाळा तोंडावर आला आणि नगरपालिकेची भोंग्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन ओरडून गेली. नळ गुंडाळा, फावडी काढून ठेवा, आणि आपल्या गल्लीत एकटं म्हातारं माणूस असेल तर त्याची विचारपूस करा. शेवटचं वाक्य ऐकून साहेब पसंतीने हसले. ते त्यांनीच कधीकाळी घालायला लावलं होतं. त्याला खर्च काही येत नाही!

पण यंदा साहेबांना रस्ता मोकळा हवा होता तो वेगळ्या कारणाने. लेक येणार होती. बाळंतपणानंतर पहिल्यांदा, बाळाला घेऊन. नात अजून साहेबांनी पाहिलीच नव्हती.

लेकीचं आणि त्यांचं तसं फारसं बोलणं नसे. भांडण नव्हतं, पण लहानपणचे तिचे सगळे हिवाळे साहेबांनी कचेरीत घालवले होते. तिला गोवर आला तेव्हा बर्फ पडत होता. शाळेच्या नाटकात ती राणी झाली तेव्हाही पडत होता. लग्नाच्या दिवशी तर असा पडला, की साहेब पोचले तेव्हा पाहुणे चपला शोधत होते. तिच्या लेखी वडील म्हणजे फोनवरून येणारा एक आवाज, "तुम्ही सुरू करा" म्हणणारा.

"बाबा, गाडी दारापर्यंत येईल ना?" तिने फोनवर विचारलं. "बाळ फार लहान आहे. बर्फातून चालत येणार नाही हं मी. गल्ली बंद असली तर तोंडावरूनच मागे फिरेन, आणि आईला घेऊन जाईन. थंडी सरेपर्यंत."

"दारापर्यंत काय? थेट बैठकीत आणून लावतो तुझी गाडी! अगं, उभ्या शहराचे रस्ते ज्याने मोकळे केले त्याच्या लेकीला हा प्रश्न पडावा?"

"म्हणूनच पडला," लेक म्हणाली आणि फोन ठेवला.

साहेबांनी त्याच संध्याकाळी गल्लीची सभा भरवली. सभा म्हणजे शिंपी, बाई, आणि चहा घेऊन आलेल्या वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी. त्यांना सगळी गल्ली वहिनीच म्हणे.

"हे बघा," साहेब म्हणाले, "कचेरी आतून कशी चालते ते मला विचारा. भिंतीवर शहराचा भलामोठा नकाशा आहे. तक्रार आली, की त्या गल्लीवर लाल टाचणी. हा नकाशा माझ्या डोक्यातून निघाला! आता ज्या गल्लीवर टाचण्याच टाचण्या, तिच्याकडे पाहून कर्मचाऱ्याच्या कपाळावर आठ्या पडतात. म्हणून सांगतो, कुणीही फोन करायचा नाही. आपली गल्ली कोरी ठेवायची. स्वच्छ! समाधानी! मग बघा, बर्फाची गाडी पहिली आपल्याकडे धावते की नाही."

"आणि समजा नाही धावली?" शिंप्याने विचारलं. त्याच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून प्रश्न जरा टोचला.

"तर मी आहे! माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा आज माझ्या खुर्चीत बसलाय. मी त्याला सांगून ठेवलंय, आमच्या गल्लीतून काही आलं तर आधी मला विचारायचं, मी खरं म्हटलं तरच टाचणी लावायची. गल्लीचा जबाबदार माणूस म्हणून माझं नाव आहे तिथे."

"जबाबदार!" वहिनी कप गोळा करत म्हणाल्या.  संसारभर पुरेल इतकं त्या एका शब्दात आलं होतं.

पहिला बर्फ पडला. पहाटे हमरस्त्यावरून नांगर लावलेली गाडी घरघरत गेली, रस्ता तासून लख्ख केला, आणि निघालेला सगळा बर्फ गल्लीच्या तोंडाशी गुडघाभर बांधासारखा लोटून ठेवला.

"साहेब, दुकानाचं दार उघडेना!" शिंपी धावत आला. "गिऱ्हाईक पलीकडून पँट फेकून जातंय! करू का फोन?"

"खबरदार! हा पहिला टप्पा आहे. आधी मोठे रस्ते, मग गल्ल्या. बांध काय तसाच ठेवतात होय?"

दुसऱ्या खेपेला बांध कमरेएवढा झाला. बाई मफलर गुंडाळून आल्या. "साहेब, माझा दूधवाला परत गेला. बाजारच्या गल्लीतल्या माझ्या बहिणीने रोज उठून तक्रारी केल्या. तिथे जमीन दिसते म्हणे, जमीन!"

"दिसेल. पण त्यांच्या नकाशाकडे पाहा. गोवर उठल्यासारखा दिसतोय! आपली गल्ली कशी, नितळ."

"नितळ गल्लीतून दूध येत नाही हो."

"बघतो," साहेब म्हणाले.

आणि खरोखर, शनिवारी दुपारी गल्लीच्या तोंडाशी एक दणकट ट्रक येऊन थांबला! साहेबांना खिडकीतून त्याचा हौदा दिसला मात्र, ते कानटोपी उलटी घालूनच धावले. "आला! म्हटलं नव्हतं? बर्फ उचलायला ट्रक आला!" शिंपी दुकानाच्या खिडकीतून बाहेर आला, बाई दारात आल्या. साहेब बांधावर चढून दोन्ही हात हलवू लागले.

"या, या! मागे घ्या! डावीकडे... थोडं आणखी... भिंत सांभाळा... येऊ द्या, येऊ द्या... बस्स!"

ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "इथंच ना?"

"इथंच, इथंच! अगदी बरोबर आहे!"

ट्रकचा हौदा हळूहळू वर उचलला गेला. साहेबांना क्षणभर वाटलं, नवीन पद्धत असेल. मग अख्ख्या बाजारपेठेचा बर्फ, वाळू, मीठ, फाटक्या चपला आणि एक मोडकी खुर्ची यांच्यासह, धडाडधूम करून खाली आला. साहेब वेळेवर मागे उडी मारून बसले, म्हणजे पडले. टेकडी शिंप्याच्या पाटीच्या वर गेली. पाटीवर फक्त 'कपडे' एवढंच उरलं.

"आभारी आहे हां!" पलीकडून ड्रायव्हरचा आवाज आला. "जागा दाखवायला असा माणूस कुठंच भेटत नाही. आणखी दोन खेपा आहेत!"

त्या दोन खेपाही झाल्या. साहेबांनी जागा दाखवली नाही, पण आता ड्रायव्हरला ती पाठ झाली होती.

घरी येऊन साहेबांनी आपल्या जुन्या खुर्चीत बसलेल्या पोराला फोन लावला. "अरे, हे काय चाललंय? आमच्या गल्लीत बर्फ टाकतायत!"

"सर!" नवा अधिकारी आनंदाने म्हणाला. "तुमचीच आठवण काढत होतो. यंदा बर्फ इतका, की टाकायचा कुठे हा प्रश्न पडला. मग तुमचाच नियम काढला. ज्या गल्लीवर टाचण्या आहेत तिथे बर्फ टाकायचा नाही. लोक आधीच चिडलेले असतात. सगळा नकाशा शोधला सर, आणि पूर्ण शहरात एकच गल्ली कोरी! एकही टाचणी नाही! पोरं म्हणाली, एवढे समाधानी लोक आहेत, यांना काय त्रास होणार?"

 नियम साहेबांचाच होता. टाचणीच्या गल्लीत टाकायचा नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. मग टाकायचा कुठे, हे ठरवायचं राहून गेलं होतं, कारण तेव्हा ते दुसऱ्या गल्लीत राहत होते.

"सर, तुमची काही तक्रार आहे का? असेल तर आत्ता लावतो टाचणी. उद्या सकाळी यंत्र पाठवतो."

आता बघा, इथे एक शब्द पुरे होता. आहे! बस्स. वहिनी दारात पदर मुठीत धरून उभ्या होत्या. पण फोनच्या त्या टोकाला त्यांचीच खुर्ची होती, त्यांचाच नकाशा होता, आणि हाताखालची सगळी पोरं कान देऊन असणार. बघतोसाहेबांनी तक्रार केली! बघतोसाहेबांच्या नावाची टाचणी!

"तक्रार?" साहेब हसले. "मी? छे रे. सहज चौकशी केली. चालू द्या तुमचं."

फोन ठेवून त्यांनी मागे पाहिलं. वहिनी दारात नव्हत्या. आतल्या खोलीतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

रविवारी लेक आली. म्हणजे टेकडीच्या पलीकडे आली. अलीकडून फक्त हॉर्न ऐकू आला.

"बाबा!"

"आलीस? थांब हां! यंत्र निघालंच आहे! पाचच मिनिटं!"

"यंत्र खरंच निघालंय?"

साहेबांनी शिंप्याकडे पाहिलं. शिंप्याने आभाळाकडे पाहिलं. "तशी माझी आशा आहे!" साहेब ओरडले.

पलीकडे गाडीचं दार उघडलं. मग बाळ रडलं. बारीक, मांजराच्या पिल्लासारखं. साहेबांनी नातीचा आवाज पहिल्यांदा ऐकला. ते टेकडीवर चढायला गेले, दोन पावलं वर गेले आणि तीन पावलं घसरून खाली आले. पुन्हा चढले. या वेळी मोडकी खुर्ची त्यांच्या आधी खाली पोचली आणि ते तिच्यावर.

"शोभून दिसता," शिंपी म्हणाला. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो आत जाऊन पत्र्यावर चढायची शिडी घेऊन आला. बाईंनी पलीकडे उतरायला फळ्या आणि गोणपाट फेकले. वहिनी शिडीवर चढल्या. गुडघे दुखतात म्हणून ज्या घराच्या तीन पायऱ्या धरून धरून उतरत, त्या बॅग खांद्याला लावून सरसर चढल्या. टेकडीच्या माथ्यावर क्षणभर थांबल्या.

"अहो, चला तुम्हीही. शिंपी शिडी धरतायत."

"अगं, मी कसा येऊ? यंत्र आलं आणि गल्लीचा जबाबदार माणूसच जागेवर नसला तर?"

वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की साहेबांनी उगीच कानटोपी सारखी केली. "डाळ झाकून ठेवलीय," त्या म्हणाल्या आणि पलीकडे उतरल्या.

"बाबा, बाळाला दाखवते!" लेक फळ्यांवर दोन पावलं चढून ओरडली. टेकडीवर दोन हात वर आले, हातात गुलाबी दुपट्याचं गाठोडं होतं. साहेबांनी टाचा उंचावल्या. दुपटं दिसलं. चेहरा दुसऱ्या बाजूला होता.

"छान आहे!" साहेब म्हणाले. "तुम्ही निघा! उशीर होईल!"

गाडी गेली. हमरस्ता अगदी मोकळा होता, तिचा आवाज कुठेही न अडखळता लांब लांब जात विरला. शिंपी शिडी घेऊन बहिणीच्या घरी निघालेल्या बाईंना पोचवायला गेला आणि तोही काही परत आला नाही. त्याचं दुकान तसंही बंदच होतं.

दिवेलागणीला साहेबांचा फोन वाजला. ते धडपडून उठले. लेकीचा असणार!

"सर, मी बोलतोय," नवा अधिकारी म्हणाला. "रविवारी त्रास देतोय. पण तुमच्या गल्लीतून पहिल्यांदाच तक्रार आलीय. एका बाईंची, चालत्या गाडीतून फोन होता, मागे बाळाचा आवाज येत होता. म्हणतात, गल्लीच्या टोकाला एक म्हातारा माणूस घरात एकटा अडकलाय. लवकर रस्ता मोकळा करा. रडत होत्या सर. मी म्हटलं, आधी गल्लीच्या जबाबदार माणसाला विचारून खात्री करतो. असं कुणी आहे का तिथे?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात नळ उभा होता. स्वेटरची एक बाही वाऱ्याने हलत होती.

"सर? ऐकू येतंय ना? खरं असेल तर आत्ता यंत्र काढतो."

साहेबांनी घसा साफ केला.

"बघतो," ते म्हणाले. त्यांनी फोन बाजूला ठेवला, खोलीभर नजर फिरवली, थोडा वेळ जाऊ दिला आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"नाही रे. असं कुणी नाही. निकाली काढ."