पालकाचा श्वास

सूक्ष्मप्रणाली अभियांत्रिकीत पदवी जितकी मोठी, तितका विद्यार्थी लहान होतो. पदविकेला वीतभर, पदवीला बोटभर, पदव्युत्तरला तिळाएवढा. पीएच.डी.चा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. यंत्रे बारीक, तेव्हा हातही तसेच हवेत. यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

भिकाजी तांबट घड्याळजी. वय एकाहत्तर, शिक्षण चौथी. नात केतकीला घेऊन ते विद्यापीठात प्रवेशाच्या खिडकीवर आले.

"कोणता पर्याय?" खिडकीतल्या डोणगावकरबाईंनी विचारले.

"सलग पीएच.डी.," केतकी म्हणाली.

भिकाजींनी तिच्याकडे पाहिले. घरून निघताना बोटभर ठरले होते.

"राहायची सोय?" त्यांनी बाईंना विचारले.

"काडेपेटीत. मुलींची वेगळी."

"बोललेलं ऐकू येतं?"

"तिळापर्यंत येतं. पुढे सगळं लेखी."

"आणि सुट्टीत?"

"पाकिटातून घरी पाठवतो. पण आजोबा, घरी अडचण श्वासाची. गेल्या साली एका पालकाला शिंक आली, मुलगा अजून शोधताहेत. तेव्हापासून पालकाची परीक्षा घेतो. दीड मिनिट श्वास रोखायचा. नाही जमलं तर बोटभरावर समाधान माना."

"आबा, जमेल ना?"

"पन्नास वर्षं श्वास धरूनच घड्याळं जुळवली. तू गप्प उभी राहा."

बाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला. त्यावर पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाचे संशोधक साळोखे आपले यंत्र घेऊन बसले होते. ते उडाले की पालक नापास.

भिकाजींनी खिशातले भिंग डोळ्याला लावले, श्वास धरला आणि वाकले. स्वच्छ सदरा घातलेला एक माणूस चाकावर चढून दाते पुसत होता. चाकाखाली दुसरे चाक, त्याखाली तिसरे. इतके बारीक काम भिकाजींनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. साळोख्यांनी वर बघून नमस्कार केला आणि तळच्या चाकाकडे बोट दाखवले. ते मध्येच थांबून उलटे फिरत होते.

का, हे विचारायला भिकाजींची जीभ शिवशिवली. मिनिट उलटले होते, छातीत कळ येत होती. तोंड उघडले असते तर साळोखे गेले असते, आणि केतकीचा पर्यायही. त्यांनी दात आवळले.

"झालं दीड," बाई म्हणाल्या.

भिकाजींनी तोंड फिरवून श्वास सोडला. केतकीच्या अर्जावर सही केली. पण खिडकीपासून हलले नाहीत.

"ते तळचं चाक उलटं का फिरतं?"

"आत गेल्याशिवाय कळत नाही म्हणतात."

"चौथीवर काय मिळतं?"

बाईंनी पुस्तिका चाळली. "प्रमाणपत्र. सहा महिने. कमरेएवढे व्हाल."

"आबा, आणि दुकान?" केतकीने विचारले.

"स्टूल उंच करून घेऊ. बाई, अर्ज द्या."

"यावरही पालकाची सही लागेल."

भिकाजींनी पेन नातीच्या हातात दिले.

"हिची घ्या," ते म्हणाले. "दिसतेय तोवर."