शिंकेवर पहारा

"पट्टी सुटेपर्यंत आबांना एक जरी शिंक आली, तर नावाचा सावळाराम न्हाई!"

ही प्रतिज्ञा सावळारामने चिंचवडच्या शाळेत, डॉक्टरांसमोर, छाती पुढे काढून केली. पुण्याच्या डॉक्टरांनी सुट्टीत त्या शाळेत मोतीबिंदूचं शिबिर भरवलं होतं, आणि त्याच्या आबांचं, म्हणजे रहाटणीच्या गेनबांचं, ऑपरेशन नुकतंच झालं होतं. पिंपरीच्या नव्या कारखान्यात सावळाराम दिवसभर काचेच्या बाटल्या हाताळायचा. आजवर एक फुटली नव्हती. मग बापाचा एक डोळा सांभाळणं म्हणजे काय मोठंसं!

पण आबांकडे उरलाच होता एक, हेच तर दुखणं! दुसरा आधीच गेला होता. चाकणच्या बाजारातला सुईने मोतीबिंदू काढणारा एक फिरता सुईवाला "बसल्या जागी पडदा काढतो" म्हणाला, आणि त्याने पडद्याबरोबर डोळाही काढला. त्या सुईवाल्याला घरी आणणारी होती सगुणाआत्या, आबांची थोरली बहीण. तेव्हापासून आत्या "मला एक सुचलंय" म्हणाली, की सावळाराम आधी आबांच्या पुढ्यात आडवा उभा राहायचा.

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. "वय झालं की डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, त्यालाच मोतीबिंदू म्हणायचं. थेंब टाकून, अंजन घालून ते निवळत नाही. आम्ही ते काढून टाकलंय, पण जखम ओली आहे. खोकला नको, शिंक नको, जोरात हसणंसुद्धा नको. नाहीतर डोळा गेलाच समजा!"

म्हणून शाळेच्या लांबलचक वर्गात म्हातारे ओळीने उताणे पडले होते. डोळ्यांवर पट्ट्या आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. सावळारामने पहिल्याच दिवशी आबांची तपकिरीची डबी जप्त केली.

"आरं, नुसता वास तरी घिऊ दे!"

"आबा, वासानंच शिंका येत्यात!"

"मंग जगायचं तरी कशासाठी?"

मग भेटायला माणसं येऊ लागली. आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे रहाटणीत कायमचं वैर! जो येई तो आबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडे, जणू ऑपरेशन कानाचंच झालंय. आबांचा जुना मित्र भैरू तर उशाशी मांडी ठोकून बसला आणि पाटलांच्या म्हशीने लग्नाचा मांडव कसा खाल्ला, ते रंगवून सांगू लागला.

"आबा, हसू नगा!"

"मी कुठं हसतोय? प्वाट हलतंय, त्याला मी काय करू?"

सावळारामने भैरूला दंडाला धरून बाहेर काढलं. म्हैस अर्ध्या मांडवातच राहिली. शेजारच्या खाटेवरचे मारुतराव रागावले, कारण तेही ऐकत होते.

असा पहारा करून सावळाराम जेरीस आला. पण शिंक नाही, खोकला नाही. उद्या पट्टी सुटायची, म्हणून त्या दुपारी तो भिंतीला टेकून जरा पेंगला, आणि नेमकी तेव्हाच चाकणहून सगुणाआत्या आली.

त्याला जाग आली ती निखाऱ्यांच्या वासाने. डोळे उघडून बघतो तर आत्या आबांच्या खाटेशी उभी! पायाशी खापरात रसरशीत निखारे, आणि मुठीतली मीठ-मोहरी अन् मूठभर लाल मिरच्या आबांवरून ओवाळून झालेल्या!

"आत्या! काय करतीस?"

"दिष्ट काढतीय. येवढं गाव बघून गेलं, दिष्ट लागायची न्हाई व्हय?"

"अगं, शिंक आली तर डोळा जाईल!"

"मी कुठं शिंक काढतीय?" असं म्हणून आत्याने मूठ निखाऱ्यांवर मोकळी केली.

तडतड झाली. धूर उठला. बापाचा शेवटचा डोळा, आणि त्याच्याबरोबर अख्ख्या ओळीचे डोळे!

"श्वास रोखा! कुणी खोकायचं न्हाई!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. सगळ्या म्हाताऱ्यांनी गाल फुगवले. मारुतरावांनी तर उशीच तोंडावर घेतली. सावळारामने धोतराच्या सोग्यात खापर धरलं आणि सगळा धूर अंगावर घेत तो पटांगणात धावला. तिथे मात्र तो असा खोकला, की वडावरचे कावळे उडाले. पाणावलेले डोळे त्याने चोळचोळ चोळले. हाताला मिरची लागली होती, हे त्याला चोळल्यावर कळलं.

आत परतला तर आत्या कमरेवर हात ठेवून विजयी मुद्रेने उभी!

"बघितलंस? मिरच्या जळल्या, पर एकालाबी ठसका न्हाई! दिष्ट नसती, तर समदी खोकली असती. केवढी लागली व्हती बघ!"

"आत्या, मी त्यास्नी श्वास रोखायला लावला! अन् मी खोकलोच की!"

"तू भायेर खोकलास. ते धरत न्हाईत."

सावळारामने कपाळावर हात मारला. तोही मिरचीचाच.

सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली. टाका शाबूत, डोळा स्वच्छ! नाकावर जाड भिंगांचा चष्मा चढवला तेव्हा आबा आधी लेकाकडेच वळले. सावळाराम पुढे वाकला. आबांनी लेकाचा चेहरा हातात घेतला आणि कितीतरी वेळ न्याहाळला.

"आरं लेकरा, ह्ये काय? डोळं टमाट्यावानी झाल्यात की! डागदर, आधी ह्याला बघा!"

डॉक्टरांनी बघितलं, मलम घातलं आणि सावळारामच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला आबांच्या रिकाम्या खाटेवर आडवं केलं.

थोड्या वेळाने अंधारात त्याला ओळखीची पावलं ऐकू आली. मागोमाग निखाऱ्यांची ऊब जवळ आली.

"आबा! आत्याला अडवा!"

आबा खाटेशेजारीच बसले होते. नवा चष्मा सावरत ते बहिणीच्या मुठीत डोकावत होते.

"आक्का, ही नगं, काळी पडलीया. ती बघ, ती लालभडक हाय. ती घाल."